मेख न्हाई

आष्टीच्या आमच्या घरातला संगणक मराठीतून पहिल्यांदा बोलला तो चौदा एप्रिलच्या जयंतीआधीच्या शनिवारी, सकाळी, लाईट जायच्या थोडं आधी. त्याने वाचलेला पहिला मजकूर रस्त्याच्या कामाच्या निविदा सूचनेचा होता. ऐकणारे आम्ही तिघं होतो: माझे वडील, आई आणि मी. वडिलांना मी अण्णा म्हणत असे आणि आईला माय. जयंतीनंतरच्या सोमवारी मी औरंगाबादच्या एका दैनिकात शिकाऊ उपसंपादक म्हणून रुजू झाले. शहराचं नाव तेव्हा तेच होतं.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. बदल्यांमध्ये वाटूर झालं, आणखी एकदोन गावं झाली आणि शेवटी ते आष्टीत स्थिरावले. विटांच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीसमोर कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली मायच्या दोन शेळ्या, एवढं आमचं घर होतं. पहाटे अण्णा बुद्धवंदना म्हणत. ती संपत येई तेव्हा गावातली पिठाची गिरणी सुरू होई, आणि गिरणीचा पट्टा लयीत आला की परतूरहून येणाऱ्या पहिल्या एसटीचा हॉर्न ऐकू येई. त्याच गाडीने पेपरचा गठ्ठा येत असे. अण्णा स्टँडवर जाऊन पेपर घेऊन येत आणि पडवीत पाट मांडून तो मोठ्याने वाचत. नुसत्या बातम्या नव्हेत. पेपरच्या नावापासून शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या मुद्रकाच्या ओळीपर्यंत सगळं. माय आत चुलीपुढे भाकरी थापत असे. थापण्याचा आवाज थांबला की समजायचं, बातमी जवळपासच्या गावाची आहे.

वाचताना अण्णा पुस्तकी भाषेत असत. पान खाली ठेवलं की लगेच घरच्या भाषेत येत. ‘नाही’ आणि ‘न्हाई’ ही दोन्ही त्यांचीच होती, एक वाचायची आणि एक बोलायची. न आणि ण यांच्याबाबत मात्र ते कुठेच सवलत देत नसत. आपल्या माणसांना लोक आधी या दोन अक्षरांवरून ओळखतात आणि नंतर नावावरून, असं ते वर्गात उघड सांगायचे. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला ते मारत नसत. त्याला हौदापर्यंत जाऊन यायला लावत आणि वाटेत तो शब्द म्हणत राहायला सांगत. मीही त्या हौदापर्यंत पुष्कळदा गेले आहे.

मग काचबिंदूने त्यांची नजर गेली. एका डोळ्याची आधी, दुसऱ्याची हळूहळू. ते पेपर डोळ्यांजवळ आणत गेले, नंतर खिडकीपाशी नेत गेले आणि एके दिवशी त्यांनी तो घडी करून माझ्या हातात दिला. तेव्हापासून मी वाचू लागले. परतूरला कॉलेज संपवून मी तिथल्याच एका संगणकाच्या दुकानात मराठी टायपिंग करत होते. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. सकाळी पेपर वाचून झाला की मायने केलेली कुरमुऱ्यांची सुशीला खाऊन मी बस धरायची. घाई असायची. मी मधले चौकोन गाळायची आणि अण्णांना ते दर वेळी कळायचं.

“मधलं सोडलंस.”

“जाहिरात आहे, अण्णा.”

“जाहिरातीला काय अक्षरं न्हाईत?”

“निविदा आहे. डांबराची. तुम्हाला भरायची का?”

“भरीन न्हाईतर न्हाई भरणार. तू वाच.”

मग मी डांबराची निविदा वाचायची. माय आतून म्हणायची, “वाच माय वाच, तुझा बाप गुत्तेदार होऊन राह्यलाय.” सुशीलेला तोवर ओल सुटलेली असे. ती चव मला अजून मिळालेली नाही. त्याचं कारण पाककृतीत नाही, कारण पाककृती मी मायकडून नीट लिहून घेतली आहे.

त्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी दैनिकाचं बोलावणं आलं. मी दोन-तीनदा बातम्या पाठवल्या होत्या, परीक्षा दिली होती आणि आता जयंतीनंतर रुजू व्हायचं होतं. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “चांगलं झालं.” मग थोडं थांबून म्हणाले, “आजचा पेपर एकदा परत वाच बरं.” सकाळी पूर्ण वाचलेला पेपर मी दुपारी पुन्हा पूर्ण वाचला. मायला वाचता येत नव्हतं. शेजारची पोरं शाळेत जायची. मी गेल्यावर पेपर कोण वाचणार, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारला नाही. मी जाणार नाही, हे मी मनात ठरवून टाकलं आणि फक्त एका माणसाला सांगितलं. तो म्हणजे दुकानाचा मालक खालेदभाई.

खालेदभाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा होता. कानामागे कायम पेन्सिल, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना समोरच्या पडद्यावरची नजर न हटवण्याची सवय. माझं ऐकून त्याने त्या दिवशी पहिल्यांदा नजर हटवली.

“ताई, तुमी बिलकुल पागल झाल्या का? लोक असल्या नोकरीसाठी नवस करतेत.”

“अण्णांना पेपर कोण वाचणार?”

“बस, इतकीच बात?” म्हणत तो पुन्हा पडद्याकडे वळला. “मशीन वाचंल की.”

मला वाटलं, चेष्टा करतो आहे. तो शोधत होता. दुपारपर्यंत त्याला मराठी मजकूर मोठ्याने वाचणारा एक फुकट प्रोग्राम सापडला. तो विंडोजवर नव्हे, लिनक्सवर चालणारा होता. दुकानातला एक जुना संगणक तसाही व्हायरसने बेजार होता, तो पुसून खालेदभाईने त्यावर लिनक्स टाकलं. त्याच्याकडे लिनक्सच्या तीन सीड्या होत्या आणि त्यांतली पहिलीच धड होती. बाकीच्या दोन्हींवर पोरांनी चहाचे ग्लास ठेवलेले. तेव्हा हे फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. संगणक गोणपाटात गुंडाळून एसटीने आष्टीला आला आणि पडवीतून आत, अण्णांच्या कॉटशेजारी, शिवणयंत्राच्या जुन्या टेबलावर बसला.

त्या दोन सीड्यांवर काय होतं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. प्रोग्राम शिजवलेला मिळाला नव्हता, शिधा मिळाला होता. म्हणजे तो लिहिणाऱ्यांनी लिहिलेला मूळ मजकूर तेवढा आमच्याकडे आला होता. त्यातून चालणारा प्रोग्राम आपला आपण बांधायचा होता. त्यासाठी सोबत ‘बूटस्ट्रॅप’ नावाची एक छोटी फाईल होती. ती चालवली की पुढची सगळी मांडामांड ती करणार, असं सूचनेत लिहिलेलं होतं. मी ती चालवली. पडद्यावर एक ओळ आली: ऑटोकॉन्फ सापडत नाही. बांधायला लागणारी सगळी हत्यारं चहाच्या डागांखालच्या सीड्यांवर राहिली होती.

आमच्या घरी फोन होता, इंटरनेट नव्हतं. इंटरनेट परतूरला, दुकानात. त्यामुळे क्रम असा पडला: पहाटे लाईट असेल तेवढ्या वेळात घरी प्रोग्राम चालवायचा, काय सापडत नाही ते बघायचं, दिवसा दुकानात ते उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. मी ऑटोकॉन्फ नेलं. ऑटोकॉन्फ म्हणालं, एम-फोर सापडत नाही. मी एम-फोर नेलं. ते सगळं तपासून समाधानी झालं, आणि मला वाटलं आता झालं. ते बांधायचा हुकूम दिला तर पडद्यावर आलं, मेक: कमांड नॉट फाउंड. मी पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचत असे, कारण अण्णा कॉटवर बसून ऐकत असत. हेही मी वाचलं. “मेक नॉट फाउंड. मेक नाही म्हणतंय.”

चुलीपुढचं थापणं थांबलं. “मेख न्हाई म्हणतंय?” माय पिठाच्या हातानेच दारात आली. “अगं मंग मला सांगायचं न्हाई का? शेळ्यापाशी दोन पडल्यात की.”

मायला मेख म्हणजे शेळी बांधायची खुंटी. ती खरोखर बाहेर जाऊन एक बाभळीची मेख घेऊन आली आणि संगणकाशेजारी टेबलावर ठेवली. “घे. ठोक कुठं ठोकायची ते.” अण्णा हसले. कॉट हलेपर्यंत हसले. नजर गेल्यापासून ते असे हसल्याचं मला आठवत नव्हतं. मी मायला समजावून सांगितलं की हे मेक वेगळं, हे बाकीच्यांना बांधणारं हत्यार आहे. ती म्हणाली, “मेखही बांधायलाच असती.” ती बाभळीची मेख पुढे टेबलावरच राहिली. लाईट गेल्यावर संगणकाच्या गरम झालेल्या डब्याचं झाकण उघडं ठेवायला तिचा उपयोग होत असे.

दुकानात मेक उतरवलं. तेही मूळ मजकुराच्या रूपात. आता मेक बांधायला मेक लागणार, हे बसमध्ये माझ्या लक्षात आलं आणि त्या गाडीने मला आष्टीच्या पुढे तसंच न्यावं असं वाटलं. पण मेक करणाऱ्यांना ही अडचण माहीत होती. ज्याच्याकडे मेक नाही त्याला मेक बांधता यावं म्हणून त्यांनी सोबत एक साधी फाईल ठेवलेली होती. ती मेकशिवाय चालत होती. अशी फाईल ठेवणाऱ्या त्या अनोळखी माणसाबद्दल मला अजून आदर आहे. आपल्यानंतर येणाऱ्याच्या हातात काहीच नसेल, हे तो धरून चालला होता.

मेक बांधलं. मेकने एम-फोर बांधलं, एम-फोरच्या जिवावर ऑटोकॉन्फ उभं राहिलं. मग बूटस्ट्रॅप म्हणालं, ऑटोमेक सापडत नाही. नंतर लिबटूल. अण्णांनी या नावांचा पाढा केला. संध्याकाळी मी बसमधून उतरून घरात पाय ठेवला की ते कॉटवरून म्हणायचे, “बोलण्याला ऑटोकॉन्फ, ऑटोकॉन्फला एम-चार, एम-चाराला मेक, मेकला मेख. आज काय आणलंस?” मी नवं नाव सांगायची, आणि ते पाढ्यात त्याच्या जागी जायचं. माय अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी देत असायची. फोडणीचा चर्र आवाज, अण्णांचा पाढा आणि शेळ्यांचं ओरडणं एका वेळी ऐकू यायचं. त्या घरात तेव्हा काहीतरी सापडत नव्हतं, आणि तरी कशाची कमतरता जाणवत नव्हती. हे आज लिहिताना जाणवतं. तेव्हा मी फक्त कॅलेंडरकडे बघत होते.

होळी गेली. लिबटूलही बसलं. बूटस्ट्रॅप पहिल्यांदा तक्रार न करता शेवटपर्यंत गेलं. त्याने पुढची फाईल तयार केली, मी ती चालवली, ओळी भराभर वर सरकल्या आणि मध्येच थांबल्या. या वेळी काही सापडत नाही असं आलं नाही. सिंटॅक्स एरर आली. म्हणजे वाक्यरचनेत चूक. कुठल्या ओळीत तेही दिलेलं होतं. मी ती ओळ उघडून पाहिली. मला त्यात चूक दिसेना. स्वल्पविराम बघितले, कंस मोजले. खालेदभाईला दाखवलं, तोही म्हणाला, “लिहिणाऱ्यानंच गलती केली ताई. दुसरा प्रोग्राम बघू.” दुसरा प्रोग्राम मराठी वाचत नव्हता. मी प्रोग्राम पुन्हा उतरवला, पुन्हा बांधला, तीच ओळ, तीच चूक. रुजू व्हायची तारीख दोन आठवड्यांवर आली होती. दैनिकाला नकार कळवायचा मजकूर मी दुकानात टाईप करून ठेवला.

घरी मी पडद्यावरचं वाचणं बंद केलं होतं. तेच तेच काय वाचायचं. एका पहाटे अण्णा म्हणाले, “आज मशीन मुकं हाय का तू?”

“तेच आहे, अण्णा. वाक्य चुकलंय म्हणतंय.”

“कुठलं वाक्य?”

मी सांगितलं की ते इंग्रजी आहे, धड इंग्रजीही नाही. ते म्हणाले, “वाच.” मी वाचलं. “परत वाच. सावकाश. अक्षरं सुट्टी सुट्टी.” ओळीच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत एक लांबलचक शब्द होता. पी, के, जी, मग खाली ओढलेली रेघ, मग चेक, मग पुन्हा रेघ. तो मी सुटा सुटा वाचला.

“ह्या शब्दाचा अर्थ काय?”

“माहीत नाही. काहीतरी तपासा असं असेल.”

“तुला माहीत न्हाई. मशीनला हाय का?”

मी तो शब्द पुन्हा एकदा पाहिला.

“पोरं असंच करायची,” अण्णा म्हणाले. “धड्यात शब्द अडला की उठून सांगायची, गुरुजी, पुस्तकात चूक हाय. पुस्तकात चूक नसायची. त्या पोराला शब्द यायचा न्हाई. शब्द आला न्हाई की पुढचं सगळं वाक्य चुकीचंच दिसतं माणसाला.”

त्या दिवशी दुकानात मी खालेदभाईला वाक्य शोधायचं सोडून तो एकच शब्द शोधायला सांगितलं. तो म्हणाला, “इतका लांब लफ्ज?” मी एकेक अक्षर सांगितलं, त्याने टाईप केलं. उत्तर पहिल्याच पानावर होतं. पीकेजी-कॉन्फिग नावाचं आणखी एक हत्यार असतं. या शब्दाचा अर्थ सांगणारी फाईल त्याच्यासोबत येते. ते बसवलेलं नसेल तर ‘ते सापडत नाही’ असं कोणी सांगत नाही. शब्द न उलगडता तसाच पुढे जातो आणि पुढचा माणूस म्हणतो, वाक्य चुकलं. आतापर्यंत जे जे नव्हतं त्याने आपलं नाव सांगितलं होतं. हे एकटंच न सांगता गैरहजर होतं. खालेदभाईने कानामागची पेन्सिल काढून टेबलावर आपटली. “उतरवा जल्दी! लाईन जायच्या आत.”

पीकेजी-कॉन्फिग बसलं तरी काम एका फटक्यात झालं नाही. बूटस्ट्रॅप पुन्हा मुळापासून चालवावं लागलं, हे मला आणखी काही दिवसांनी कळलं. नवं हत्यार आलं तरी जुनी, शब्द न उलगडलेली फाईल मी तशीच वापरत होते. ती पुसली, पहिल्यापासून सुरुवात केली, आणि शुक्रवारी संध्याकाळी लाईट गेली तेव्हा ओळी अजून सरकत होत्या. शनिवारी पहाटे लाईट आल्यावर मी मेक पुन्हा चालवलं. सोडलं होतं तिथूनच त्याने काम उचललं आणि शेवटपर्यंत नेलं.

वाचायला काय द्यायचं हे मी आधीच टाईप करून ठेवलं होतं. आवाज जाड, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता. बाईचाही नव्हता, पुरुषाचाही नव्हता. तो म्हणाला, “निविदाऽ सूचनाऽ.” माय चुलीपासून उठून दारात आली होती. अण्णा कॉटवर ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळा तपासायला साहेब आल्यावर बसत तसे. मशीन रस्ता, किलोमीटर, खडीकरण, अनामत रक्कम, सगळं एकही चौकोन न गाळता वाचत गेलं. शेवटची अक्षरं ते ओढत होतं. परतूरला ‘परतूरऽ’ म्हणालं.

मजकूर संपला.

“अक्षराचा पाय मोडता येत न्हाई त्याला,” अण्णा म्हणाले. “पाय मोडायला शिकवावं लागंल. बाकी न-ण बराबर हाय.”

मायने तोंडाला पदर लावला होता. हसत होती की काय, ते मला कळलं नाही. तिने हट्ट धरला की त्याला आपलं काहीतरी म्हणायला लाव. मी टाईप केलं, मेख न्हाई. मशीन म्हणालं, “मेखऽ नहाई.”

“आपलं न्हाई हे बोलणं,” माय म्हणाली आणि तव्यावरची भाकरी करपेल म्हणून आत गेली.

मग अण्णा म्हणाले, “जा मंग आता.” पंखा फिरायचा थांबला. लाईट गेली होती.

जयंतीनंतरच्या सोमवारी पहिल्या गाडीने मी निघाले तेव्हा मायने डब्यात ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वरून चार मोसंब्या दिल्या. अण्णा स्टँडपर्यंत आले. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला आवाजावरून ओळखून सांगत होते, “पोरगी पेपरात चालली.” नाकारण्यासाठी टाईप केलेला मजकूर खालेदभाईने पुसून टाकला होता. त्याने तो वाचला होता का, हे मी कधी विचारलं नाही.

दैनिकात रात्रीची पाळी संपली की मी अंकातला मजकूर, मशीनला समजेल अशा अक्षरांत बदलून, पेन ड्राइव्हवर घ्यायची. पहाटे परतूरला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे तो द्यायची. दुकान उघडताना खालेदभाई तो घेई आणि आष्टीच्या गाडीत बसणाऱ्या कुणाच्या तरी हाती देई. दोन पेन ड्राइव्ह होते. एक येताना दुसरा जायचा. आष्टीत पुढचं सगळं मायने सांभाळलं. तिला अक्षरं येत नव्हती, म्हणून मी प्रोग्राम असा करून ठेवला होता की मशीन सुरू करून पेन ड्राइव्ह लावायचा आणि एकच कळ दाबायची. ती कळ ओळखू यावी म्हणून तिने एन्टरवर आपल्या कपाळाची लाल टिकली लावली. बोटांनी घासून टिकलीचा रंग जायचा, मग ती नवी लावायची. पेन ड्राइव्ह आला नाही की मला फोन यायचा. पलीकडून एवढंच: “रत्ने, आज मेख न्हाई.”

अण्णांचा फोन वेगळ्या कारणाने यायचा. “काल मशीन ‘उपोषन’ म्हणलं. चूक त्याची का तुमची?” मी अंक काढून बघायची. चूक आमची असायची. पहिल्या दोन-तीन वेळांनंतर मी अंक काढून बघायचं बंद केलं. संपादकीय बैठकीत मी या चुका सांगायची तेव्हा सहकारी विचारत, इतक्या बारकाईने आपला पेपर कोण पाहतो. पाहत कोणीच नव्हतं.

पुढे आष्टीत इंटरनेट आलं, मोबाईल आले, मोबाईलही वाचू लागले. त्यांचे आवाज गोड होते आणि त्यांना पाय मोडता येत होता. मी एक मोबाईल नेऊन दिला. अण्णांनी दोन दिवस ऐकला आणि मायकडे परत दिला. “हा लई सफाईनं वाचतो. चूक ऐकूच येत न्हाई,” असं ते म्हणाले, असं माय सांगते. मी तिथे नव्हते, आणि याला दुजोरा द्यायला दुसरं कोणी नाही. पेन ड्राइव्ह जात-येत राहिले.

अण्णा गेले ते एका बुधवारी सकाळी, पेपर ऐकून झाल्यावर. माय भांडी घासायला बाहेर गेली होती. मंगळवारच्या पहाटे मी कंडक्टरकडे दिलेला पेन ड्राइव्ह तेव्हा मशीनला लावलेला होता. दुसरा माझ्याकडे होता, तो मी परत पाठवला नाही.

आता मी पन्नाशीच्या जवळ आहे आणि दैनिक सोडलं आहे. अलीकडे मला एक गोष्ट तपासून पाहावीशी वाटली, ती मी पाहिली. त्या संगणकाच्या मागच्या बाजूला आवाज आत घ्यायची, माइकची जागा होती. शेजारची आवाज बाहेर काढायची जागा आम्ही रोज वापरली. आत घ्यायच्या जागेत कधी काही लावलं नाही. वंदना, निविदा, मेकचा पाढा, ‘वाच’ हा एक शब्द. अण्णांच्या आवाजाची एकही नोंद घरात नाही, नात्यात नाही, शाळेत नाही. मशीनचा आवाज आहे. तो मला अण्णांच्या आवाजासारखा वाटतो, आणि तो तसा नाही हे मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात मी आष्टीला गेले होते. गिरणीला आता पट्टा नाही, मोटर आहे. पडवीसमोरचं झाड आहे, शेळी एकच आहे. संगणक शिवणयंत्राच्या टेबलावर त्याच जागी आहे. त्याच्या आतलं एकदोनदा दुरुस्त करून घेतलं, बाकी तोच. त्याच्यावर मायने भरतकामाचं कापड घातलं आहे आणि शेजारी बाभळीची मेख आहे. मी तिला विचारलं, माय, हे अजून लावतेस का कधी?

“कशाला लावू?” ती म्हणाली. “मेख न्हाई आता. नुसती धूळ पुसती.”

ती शेळीला पाला टाकायला बाहेर गेल्यावर मी कापड उचललं. पेन ड्राइव्ह त्याच्या जागी होता. एन्टरवरची टिकली नवी होती.